तळ दिसेपर्यंत

हिरव्या पाण्यावर पिवळी टोपी उपडी तरंगत होती आणि टोपीखाली डोकं नव्हतं. तिनं पाहिलं ते एवढंच. पुढचं तिनं केलं नाही, ते होऊन गेलं. हातातला ओल्या कपड्यांचा पिळा कुठं पडला, चपला कधी निघाल्या, हौदाच्या काठावरून पाय कधी सुटला, यातलं काही तिला नंतर आठवेना. आठवायचं ते थेट पाण्यातलंच. वर कोमट आणि खाली बर्फासारखं गार पाणी, फुलदाणीत विसरून राहिलेल्या पाण्याची असते तशी तोंडात आलेली चव, आणि पाय. छातीएवढ्या पाण्यात हात पसरून, गुडघे वाकवून ती पायांनी आपली मुलगी शोधत होती. तळ बुळबुळीत होता, साबणाच्या वडीवर उभं राहिल्यासारखा. पायाला काहीतरी मऊ लागलं. तिनं ते बोटांत धरून वर ओढलं तर कुजलेल्या पानांचं गाठोडं. आता ओरडायचं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून अगदी निवांत आवाज आला, "आई, तू पोहतेस?"

मागच्या दाराच्या पायरीवर भिंगरी उभी होती. नुकतंच पाचवं लागलेली, कोरडी ठणठणीत, हातात अर्धं बिस्कीट. नाव तसं दुसरं होतं, पण चालायला लागल्यापासून एका जागी कधी ठरली नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. टोपी तिनंच टाकली होती. बदकांसाठी. "कुठली बदकं?" आईनं पाण्यातूनच, दात वाजत असताना विचारलं. "येतील ना," भिंगरी म्हणाली, आणि उरलेलं बिस्कीट तोंडात घालून आत आजीला सांगायला पळाली की आई कपडे घालून पोहते आहे.

सासूबाई बाहेर आल्या, सुनेकडे बघितलं आणि काठावरच बसकण मारून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग तिला वर ओढून घेतलं, न्हाणीघरात नेऊन डोक्यावरून गरम पाणी ओतलं आणि केसांतलं शेवाळ दोरा निवडावा तसं एकेक तंतू करून काढलं. "केवढं गं हे! भाजीला पुरेल," त्या म्हणत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. संध्याकाळी नवरा आला, त्यानं दोनदा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मग फोनवरून आपल्या बहिणीला, मित्रांना, कुणाकुणाला तेच ऐकवलं, दर वेळी थोडा मीठ-मसाला वाढवून. "ऐक ना, हिला पोहता येत नाही! आयुष्यात पाण्यात उतरलेली नाही! आणि सूर मारला हिनं!" तीसुद्धा हसली. खोटं नव्हतं ते हसणं, गोष्ट होतीच हसण्यासारखी. पण तिचे पाय हसत नव्हते. टोपी दिसल्यापासून तो निवांत आवाज ऐकू येईपर्यंतचा जो वेळ होता तो तळपायांना अजून चिकटून होता, आणि फरशीवर चालताना मध्येच त्यांना वाटायचं, आता काहीतरी मऊ लागेल.

पाण्याशी तिचं कधी जमलंच नव्हतं. तिच्या आईचं जमलं नव्हतं म्हणून. समुद्रावर गेलं की आई तिच्या फ्रॉकची पाठ मुठीत धरून उभी राहायची, लाट येवो न येवो. रस्ता ओलांडताना, गर्दीत चालताना, जिना उतरतानाही तीच मूठ. तिच्या लहानपणीच्या सगळ्या फ्रॉकांच्या पाठी सैल होऊन लोंबायच्या, फोटोतसुद्धा दिसायचं. कॉलेजात पोहण्याचा तास सक्तीचा झाला तेव्हा तिनं कान दुखतो म्हणून सांगितलं आणि सगळं वर्ष काठावर बसून मैत्रिणींचे टॉवेल सांभाळले. आणि तिलाच हे घर मिळावं, मागं पोहण्याचा हौद असलेलं. घर घेतलं ते सासूबाईंना वेगळी खोली हवी म्हणून, गल्ली शांत म्हणून. हौद आपोआप गळ्यात पडला. आधीच्या म्हाताऱ्या जोडप्यानं तो शेवटी शेवटी वापरला नव्हता, यांनीही आज करू उद्या करू म्हणत पंप दुरुस्त केला नाही, आणि पाणी आधी गढूळलं, मग पोपटी झालं, मग असं हिरवं झालं की बुडवलेला हात कोपरापाशी तोडल्यासारखा दिसायचा. ती ज्या खोलीत बसून काम करायची तिच्या खिडकीतून ते दिसे. काम म्हणजे औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती सूचनापत्रकं तपासायची. दिवसभर ती वाचायची, क्वचित चक्कर येणे, क्वचित श्वास लागणे, अत्यंत क्वचित, आणि त्या 'क्वचित'वर तिची नजर थबकायची. क्वचित म्हणजे कुणाला तरी. त्या कुणाला तरी घर असणार, आई असणार.

"मला तो हौद बुजवून हवा," जेवताना ती म्हणाली. नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो पोहायला शिकला होता चालायच्या आधी, असं निदान त्याची आई सांगायची, आणि हे घर बघायला आले त्या दिवसापासून तो भिंगरीला पोहायला शिकवण्याचे बेत करत होता. "अगं, शेवाळ आहे ते, भूत नव्हे. साफ होतं," तो म्हणाला. "कधी? तुझा मुहूर्त लागेल तेव्हा?" "बुजव बाई," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतरी डबकंच झालंय. वर वांगी लावू." नवऱ्यानं आईकडे फितुराकडे बघावं तसं बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "एक संधी दे. एकच." तिला शेवाळाची भीती नव्हती, पाण्याचीही नव्हती म्हटलं तरी चालेल. त्या हिरव्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं, याची होती. "तळ दिसला पाहिजे," ती म्हणाली. "रविवारी दुपारपर्यंत तळ दिसला तर राहू दे. नाही दिसला तर माती." आणि नुसतं बोलण्यावर राहू नये म्हणून तिनं दुसऱ्याच दिवशी मातीवाल्याला फोन करून रविवारी दुपारी ट्रक आणायला सांगितलं.

मग घरात लग्नघरी असावी तशी धांदल सुरू झाली. नवऱ्यानं ऑफिसातून एका दिवसाची रजा घेतली, पंपवाल्याला पकडून आणलं, जाळीची लांब काठी आणली, लांब दांड्याचा ब्रश आणला, पांढऱ्या पावडरीचे डबे आणले. भिंगरीला खिडकीच्या आत ठेवलं, मागच्या दाराची वरची कडी लावून. ती काचेला नाक लावून हुकूम सोडायची, "बाबा, तिथं राहिलं! तिथं!" तो पानं उपसायचा, ती भिंती घासायची, सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि कुणाचा हात सैल पडला तर टोकायच्या. "काय गोंजारतेयस त्या भिंतीला? घास जरा. सासू समजून घास." भिंतीवरून शेवाळाचे पडदेच्या पडदे सुटून पाण्यात उतरत आणि खालून निळ्या फरशीचा एखादा तुकडा दिसे. तिला वाटलं होतं आपल्याला किळस येईल. पण खांदे दुखेपर्यंत घासण्यात एक सुख होतं. इतके महिने जे नुसतं खिडकीतून बघायची त्याला आता ती ब्रशनं चांगली बडवत होती. संध्याकाळी पावडर टाकली, पंप रात्रभर चालू ठेवला, आणि सकाळी हिरवा रंग गेला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जवळ जाऊन बघितलं तर पाणी हिरव्याचं पांढरं झालं होतं एवढंच. पातळ ताकासारखं. पहिल्या पायरीचा काठ दिसे, दुसरी पायरी ताकात.

"शेवाळ मेलंय ते," दुकानातल्या बाई म्हणाल्या. हौदाचं सामान विकणाऱ्या त्या बाई गोल, हसऱ्या आणि पराकोटीच्या बोलक्या होत्या. "मेलेलं इतकं बारीक होतं ना ताई, की फिल्टरमधूनही निसटतं आणि पाण्यात लोंबकळत राहतं. ना वर, ना खाली. आमच्या दिरांसारखं." त्यांनी एक बाटली दिली. हे ओतायचं, थोडा वेळ पंप फिरवायचा, मग बंद. कणाला कण चिकटतो, जड होतो, खाली बसतो. "मग तळाशी जो थर बसेल तो हळूच ओढून थेट गटारात सोडायचा. फिल्टरमधून नाही हं, नाहीतर फिरून पाण्यात येईल. आणि बसेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." तिनं बाटलीवरच्या सूचना सवयीनं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्या. त्यातही तेच होतं.

ओतलं, फिरवलं, बंद केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा ऑफिसातून धावत घरी आला तर ताकच. पुन्हा थोडं ओतलं. पुन्हा ताकच. नवऱ्याला पंपाचा संशय, सासूबाईंना शेजारच्या मांजराचा. दुकानातल्या बाईंनी फोनवर सांगितलं, "कुणीतरी ढवळतंय बघा." यावर तिघांनी गंभीरपणे चर्चा केली की मांजर पाण्यात उतरतं का. शुक्रवार उजाडला. ती मनातल्या मनात ट्रक मागच्या हौदापर्यंत कसा नेता येईल, कुंपणाचा कोणता भाग काढावा लागेल, याचा विचार करू लागली, आणि तिला सुटल्यासारखं वाटत होतं म्हणून थोडी लाजही वाटत होती.

दिवसा घरात तशी शांतता असे. नवरा कामावर, सासूबाई दुपारच्या पडलेल्या, भिंगरी टेबलाखाली रंगीत खडू पसरून बसलेली. ती पत्रक वाचता वाचता एखाद्या 'क्वचित'पाशी थांबायची, उठायची, मागच्या दाराची वरची कडी काढून बाहेर जायची. काठावर भिंतीला टेकवलेली जाळीची काठी उचलायची आणि हौदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळावरून सावकाश ओढत न्यायची. कोपरे चाचपायची. काठीला काही अडलं नाही, जाळीत काही आलं नाही, की तिचा श्वास खाली बसायचा. कडी लावून ती परत खुर्चीत येऊन बसायची. टेबलाखाली भिंगरी असायचीच. तिला डोळ्यासमोर बघून, तिचे केस कपाळावरून मागे सारूनच ती बाहेर गेलेली असायची. थोड्या वेळानं पुन्हा उठायची. गॅसचं बटण बंद आहे ना बघायला आपण उठतो तसं. त्याला कुणी काम म्हणत नाही, आठवणीतही ते राहत नाही.

"मांजर नाही काही," शुक्रवारी रात्री जेवताना भिंगरी म्हणाली. मांजराची चौकशी पुन्हा निघाली होती. "आई ढवळते. काठीनं. खूप वेळा." नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. सासूबाईंनी बघितलं. "मी ढवळत नाही," ती म्हणाली. "मी बघते." "काय बघतेस?" "काही नाही ना, ते." बोलता बोलताच तिला ते ऐकू आलं आणि कान तापले. नवऱ्यानं कपाळावर हात मारला, पण त्याआधीच सासूबाई हसायला लागल्या होत्या, ताट बाजूला सारून, पदरात तोंड घालून. "अगं, दही लावलंय आणि तू दर घटकेला चमचा घालून बघतेस! लागेल कसं ते?" नवराही हसायला लागला. भिंगरीला काही कळलं नाही तरी आपण काहीतरी जबरदस्त बोललो एवढं कळलं आणि ती खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "आई ढवळते! आई ढवळते!" आणि मग तिची आईही हसत सुटली, पोट धरून, पोटात एक बारीक कळ येईपर्यंत.

त्याच रात्री शेवटचं ओतलं. पंप बंद झाला. शनिवारी सकाळी सासूबाईंनी जाळीची काठी उचलून आपल्या खोलीत नेली आणि पलंगाशी उभी करून ठेवली. "हवी असेल तर माझ्याकडे अर्ज कर," म्हणाल्या.

शनिवार संपता संपेना. ती पत्रक उघडून बसली आणि एका ओळीवरून पुढं सरकेना. हात उठत होते, पाय उठत होते, आणि भिंगरी तर समोर होती, नवऱ्याच्या पाठीवर घोडा घोडा करत. तेव्हा तिला भिंगरी जन्मली ते दिवस आठवले. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास इतका बारीक असायचा की बोटाला कळायचा नाही. मग ती बोट आणखी जवळ न्यायची, मग ओठाला लावायची, मग गाल हलकेच दाबायची, आणि बाळ दचकून उठून किंचाळायचं. ते किंचाळणं ऐकलं की तिला काय बरं वाटायचं! आहे, जिवंत आहे, चांगला ठणठणीत गळा आहे. घरातले सगळे म्हणत, काय मुलगी आहे, जरा म्हणून झोपत नाही. तीही म्हणायची, खरंच, जरा म्हणून झोपत नाही. आज पत्रकावर हात ठेवून ती पहिल्यांदाच म्हणाली, हात्तिच्या, आणि एकटीच हसली. बिचारी झोपत होती की.

तिन्हीसांजेला ती मागच्या पायरीवर जाऊन बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. सासूबाई मटार सोलायला घेऊन शेजारी बसल्या. पाणी हलत नव्हतं. वरच्या आकाशाचा रंग त्यावर होता, खाली काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. "काही होतंय का हो आई, तिथं?" "होत असेल. आपल्याला विचारून थोडंच होणार!" दाणे भांड्यात टपटपत राहिले. मग सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी हसले ना, तू उडी मारलीस तेव्हा. तुला वाईट वाटलं असेल." "नाही हो." "मी बाहेर यायच्या आधीच टोपी बघितली होती. खिडकीतून. भिंगरी सांगायला येऊन माझ्या मागंच उभी होती, पण ते कळायच्या आत पाय गेले माझे. काठावर बसले ती हसायला नाही बसले. बसल्यावर हसू आलं." त्यांनी एक शेंग तिच्या हातात दिली. "मला भीती वाटली की मी मोठ्यानं हसते. तुझे सासरे गेले तेव्हा लोक काय म्हणाले असतील देव जाणे. सोल. हात रिकामे ठेवू नकोस." ती सोलत राहिली, अंधार पडून शेंगा दिसेनाशा होईपर्यंत.

रविवारी सकाळी नवऱ्यानं हाक मारली ती वेगळ्याच आवाजात. ती अनवाणी धावली. पाणी होतं की नव्हतं, असं पाणी होतं. दुसरी पायरी, तिसरी, शेवटची. खाली तळावर राखाडी रंगाचा मऊ थर, कुणी पीठ चाळून ठेवल्यासारखा, एक सुरकुती नाही. कुणी मोठ्यानं बोलेना. नवरा लांब नळीचं तोंड सावकाश, मुंगीच्या पावलानं फिरवू लागला आणि त्याच्यामागं निळ्या फरशीची पट्टी उमटत गेली. पट्टीला पट्टी जोडत सकाळ गेली. तळाशी एक चमचा सापडला, कपड्यांचे दोन चिमटे, एक कंगवा. "बघ, आहे का आणखी काही?" नवरा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. गटारात गेलेल्या पाण्याच्या जागी नळाचं पाणी सोडलं, पंप चालू केला, तपासायची कागदी पट्टी बुडवली. तिचा रंग बाटलीवरच्या रंगाशी जुळला. पोहायला हरकत नाही असा रंग. तरी तिनं दुसरी पट्टी बुडवून पुन्हा जुळवला.

तळ दिसत होता. ती काठावर उभी होती आणि तिला गरगरत होतं. हिरवं होतं तेव्हा त्या पाण्याला खोली नव्हती, नुसता पृष्ठभाग होता, झाकणासारखा. आता ते खालपर्यंत होतं. फरशीच्या शेवटच्या सांध्यापर्यंत सगळं खोल, आणि त्या खोलीत भिंगरी किती मावेल ते नजरेनं मोजता येत होतं. माझी अट चुकली, तिला वाटलं. त्याच क्षणी गल्लीत ट्रकचा घरघराट झाला आणि फाटकापाशी थांबला. "माती कुठं ओतू?" ड्रायव्हर ओरडला. तळ दाखवून नवरा जिंकला होता, पण तिच्याकडेच बघत होता. सासूबाईंनीही तिच्याकडे बघितलं. "ओ ताई! कुठं ओतू?"

"थांबा जरा," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. घोटे, गुडघे, कंबर. या वेळी पायांना विचारावं लागत नव्हतं. ते कुठं पडताहेत ते तिला दिसत होतं, पाण्यात थोडे वाकडे, थोडे बुटके, पण तिचेच. तिनं हात पसरले. "ये," ती म्हणाली. भिंगरी नवऱ्याच्या हातातून सुटून आली ती चालत नाही, उडी मारूनच. ओल्या अंगाला ओलं अंग, गुळगुळीत. एका हाताची पकड बसली, दुसऱ्याची बसली नाही, आणि भिंगरी तिच्या हातांतून निसटून पाण्याखाली गेली.

ती दिसली. पूर्ण दिसली. फुगलेले गाल, वर गेलेले केस, टक्क उघडे डोळे, नाकातून निघालेली बुडबुड्यांची माळ. आईकडेच बघत होती, फार आश्चर्यानं. काठावर नवऱ्यानं पुढं झेप घेतली होती, पण तिचा हात आधीच पोहोचला होता. चाचपडला नाही, जिथं दंड होता नेमका तिथं गेला. भिंगरी वर आली, खोकली, शिंकली, एक लांबलचक श्वास घेतला. सगळे तिच्या रडण्याची वाट बघत होते.

"आणखी एकदा!" भिंगरी म्हणाली.

फाटकापाशी सासूबाई आधी मोठ्यानं हसल्या आणि मग ड्रायव्हरशी घासाघीस करू लागल्या, चार टोपल्या इथं पुढं टाक, वांग्यांना होतील, बाकीची ने परत. नवरा काठावर उकिडवा बसला होता, अर्धे कपडे भिजलेला, दोन्ही हात पुढं केलेले.

"एकदाच! आई, एकदाच!"

तिनं भिंगरीला उचलून त्याच्या हातांत दिलं, आपलं नाक चिमटीत धरलं आणि तळाकडे बघितलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी माझी पाळी."